बोर्ट: दागिन्याने नाकारलेला हिरा

बोर्ट म्हणजे दागिन्यात बसवण्याच्या लायकीचा नसलेला हिरा. करडा, भेगाळलेला, पैलू पाडता न येणारा, म्हणून कुटून भुकटी करण्याचा माल. जुनी पुस्तके ब्राझीलच्या काळ्या कार्बोनाडोलाही याच नावाखाली घालतात. हा ढिलेपणा आहे. कार्बोनाडो चिवट असतो, त्यामुळे तो न कुटता तुकड्यांच्या रूपातच खडक छेदणाऱ्या ड्रिलच्या टोकाला बसवत.

विसाव्या शतकाच्या आरंभी बोर्टला फारसे कोणी विचारत नव्हते. टंगस्टन कार्बाइडची हत्यारे आली आणि भाव पालटला. त्यांना नीट धार लावायला हिऱ्याचे चाकच हवे. बोर्ट कुटायचा, चाळून दाणे वेगळे करायचे, राळेत किंवा धातूत मिसळून चाकाच्या कडेवर त्यांचा पातळ थर बसवायचा. माल मुख्यतः बेल्जियन काँगोतल्या बाक्वांगाचा, म्हणजे आजच्या म्बुजी-मायीचा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांचे कारखाने याच भुकटीवर अवलंबून होते.

निर्णायक ठरले ते १९५०चे दशक. स्वीडनच्या आसेआ कंपनीने १९५३ मध्ये कृत्रिम हिरा बनवला आणि गप्प बसली. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रसायनशास्त्रज्ञ ट्रेसी हॉल यांना यश आले. फेब्रुवारी १९५५ मध्ये कंपनीने गाजावाजा करून ते जाहीर केले. हॉल यांच्याच सांगण्यानुसार त्यांच्या पदरात दहा डॉलरचा बचत रोखा पडला. कद्रूपणाची हद्दच म्हणायची. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. कृत्रिम हिरा बनवणाऱ्या यंत्रातून निघाले ते बारीक खडे, दागिन्याला निरुपयोगी, पण धारेच्या चाकाला नेमके हवे तसे. १९५७ पासून ते विक्रीला आले. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि बाक्वांगा फुटीर दक्षिण कासाईची राजधानी बनले. खाणीचा भरवसा डळमळला तेव्हा पर्याय बाजारात हजर होता.

बोर्ट आणि रत्न यांच्यातली रेघही खडकाने आखलेली नाही. ती मजुरीवर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या आर्गाइल खाणीतले बारीक, तपकिरी खडे एरवी कारखान्यातच गेले असते. सुरतेच्या कारागिरांनी कमी मजुरीत त्यांना पैलू पाडले आणि ते अंगठीत बसले. आता प्रयोगशाळेतला हिरा दागिन्यांच्या दुकानात शिरला, भाव कोसळले, तेव्हा व्यापारी गळा काढतात. बोर्टची गिऱ्हाइके तुटली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते.

आज उद्योगातला जवळजवळ सगळा हिरा कृत्रिम आहे, बराचसा चीनमधला. बोर्ट हा शब्द मात्र बोअर्ट लाँगइयर या खोदकाम कंपनीच्या नावात टिकून आहे.