चराऊ जमिनीचा वाजवी खंड

दिल्लीचा सुलतान अल्लाउद्दीन खिलजी (१२९६–१३१६) याने शेतसाऱ्याबरोबर दुभत्या जनावरांवरही ‘चराई’ नावाचा कर बसविला होता. इतिहासकार बरनीने त्याची नोंद केली आहे. हा शब्द मराठीतही रूढ आहे. परंतु चराई व खंड या दोन गोष्टी निराळ्या होत. चराई जनावरांच्या संख्येवर आकारली जाते, खंड जमिनीच्या क्षेत्रावर. गवत मात्र या दोहोंनाही जुमानीत नाही. ते पावसावर अवलंबून असते.

दिल्लीस वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच येऊन जातो. यमुनेकाठचा गाळाचा ‘खादर’ पट्टा ओल धरून ठेवतो, तर दक्षिणेकडील अरवलीच्या खडकाळ माळावरील ओल लवकर नाहीशी होते. भाद्रपदात लुसलुशीत असलेले गवत मार्गशीर्षात काडीसारखे होते. त्यातील प्रथिने घटतात, आणि जनावराचे पोट भरले तरी दूध आटते. म्हणून बिघ्यामागे सरसकट एकच दर ठरविणे हे सोयीचे असले तरी न्यायाचे नव्हे.

हिशोब गवतापासून सुरू करावा. समजा, एका हेक्टरात वर्षाला २००० किलो वाळलेले गवत येते. त्यातील निम्मे रानातच राहू द्यावे. त्यामुळे मुळे जगतात, बी पडते व माती वाहून जात नाही. उरले १००० किलो. जनावर रोज आपल्या वजनाच्या शेकडा अडीच इतका कोरडा चारा खाते, असे ढोबळपणे धरले तर ४०० किलो वजनाच्या गाईस १० किलो लागतात. म्हणजे त्या हेक्टरावर एक गाय शंभर दिवस, अथवा दहा गाई दहा दिवस चरतील. (शेळ्यामेंढ्या वजनाच्या मानाने थोडे अधिकच खातात.) आता या हजार किलोंची बाजारभावाने किंमत काढून तीतून कापणी, बांधणी व वाहतूक यांचा वाचलेला खर्च वजा करावा, कारण उभे गवत म्हणजे घरपोच पेंढी नव्हे. शिवाय राखणदार, पाणी व कुंपण यांचा भार गुराख्यावर असेल, तर तोही वगळावा. जे उरेल ती खंडाची कमाल मर्यादा. तिच्या आत मालकाचा वाटा किती, हे शास्त्र सांगत नाही. ते उभयतांनी ठरवावयाचे असते.

खरा तंटा अवर्षणात उद्भवतो. क्षेत्रावर खंड ठरला असेल तर पाऊस न पडल्याचा तोटा गुराखी सोसतो. दर जनावरी, दर दिवशी चराई ठरली असेल तर मालक. लिलावात तर आणखी एक विपरीत गोष्ट घडते. सर्वांत मोठी बोली करणारा आपले पैसे वसूल करण्यासाठी अधिक जनावरे सोडतो, व राखून ठेवावयाचे निम्मे गवतही संपते. यास्तव करारात रकमेबरोबरच जनावरांची संख्या, रान बंद ठेवण्याचे महिने व दुष्काळातील सूट ही लिहिलेली असावीत.

दिल्लीत १९५४ च्या जमीन सुधारणा कायद्याने गायराने गावसभांकडे गेली. पुढे १९८६ साली आसोला, शाहूरपूर व मैदानगढी येथील सामाईक जमिनीवर अभयारण्य झाले. अरवलीच्या बऱ्याच माळांवर आता विलायती किकर माजला आहे आणि त्याच्या दाटीखाली गवत फारसे उगवत नाही. म्हणून खंडासाठी मोजणी करताना तेवढे क्षेत्र वजा करावे लागते.