नाव कोरलेला खडा

रमजानचे वीस रोजे उलटले की बाजारपेठेचा रंग बदलतो. शेवयांच्या राशी, खजुरांच्या पेट्या, रात्री उशिरापर्यंत खडखडणारी शिलाई यंत्रं हे सगळ्यांच्याच ओळखीचं आहे. त्याच बाजारात एखाद्या बोळात चांदी घडवणाऱ्याचं छोटं दुकान असतं. तिथं या दिवसांत येणारं गिऱ्हाईक काचेतली तयार अंगठी मागत नाही, खिशातून कागदाची घडी काढतं. कागदावर एक नाव असतं. कुणी ‘या लतीफ’ लिहून आणतं, कुणी ‘या सबूर’, कुणी नुसतंच ‘अल्लाह’. अल्लाहच्या गुणनामांतलं कुठलं नाव निवडलं, यावरून त्या घराचं वर्ष कसं गेलं असेल याचा अंदाज कारागिराला येतो. ‘या शाफी’ म्हणजे हे बरं करणाऱ्या. हे नाव मागणाऱ्याच्या घरी बहुधा कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं.

मग बोटाचं माप घेतलं जातं, खडा निवडला जातो. खडा बहुतेक वेळा अकीकाचा, तांबूस किंवा काळसर लाल. घडण चांदीची, कारण इस्लाममध्ये पुरुषाला सोनं वर्ज्य आहे. स्त्रियांना त्याची मुभा आहे. लग्नात जावयाच्या बोटात सोन्याची अंगठी सरकवण्याची पद्धत अनेक मुस्लिम घरांतही शिरली आहे, आणि निकाह लावणारे मौलवीसाहेब त्या बोटाकडे सहसा पाहत नाहीत, तो भाग वेगळा.

या अंगठीचं मूळ एका पत्रव्यवहारात आहे, हे बऱ्याच मुसलमानांनाही ठाऊक नसतं. बुखारींच्या हदीस संग्रहात ती हकीकत येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अरबस्तानाबाहेरच्या राज्यकर्त्यांना पत्रं पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की मोहोर नसलेलं पत्र ती मंडळी वाचत नाहीत. म्हणून त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली. तिच्यावर तीन ओळी होत्या: एकीत ‘मुहम्मद’, दुसरीत ‘रसूल’, तिसरीत ‘अल्लाह’. तसाच मजकूर दुसऱ्या कुणी आपल्या अंगठीवर कोरू नये, असंही त्यांनी बजावलं. एका हदीसनुसार तिचा खडाही चांदीचाच होता, दुसरीनुसार तो हबशी, म्हणजे हबसाणातला होता. प्रेषितांनंतर ती हजरत अबू बकर, मग हजरत उमर, मग हजरत उस्मान यांच्याकडे आली. हजरत उस्मान एकदा मदिनेतल्या अरीस नावाच्या विहिरीवर बसले असताना ती आत पडली. तीन दिवस शोध चालला, विहिरीचं पाणी उपसलं गेलं. ती सापडली नाही.

म्हणजे ही अंगठी शोभेची वस्तू नव्हती, राज्यकारभाराचा शिक्का होता. शिक्कामोर्तब हा शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिक्क्याचा खडा उलटा कोरतात, म्हणजे त्याचा ठसा सुलटा उमटतो. अकीक या कामाला फार सोयीचा, कारण वितळलेली लाख त्याच्या गुळगुळीत पाठीला चिकटून राहत नाही. आता अंगठीने पत्रावर ठसा कुणी उठवत नाही, त्यामुळे अक्षरं सुलटी कोरतात. जुन्या बाजारात उलट्या अक्षरांचा खडा हाती लागला, तर तो कधीकाळी कामावर होता असं समजायला हरकत नाही.

कोरणं हेही सोपं नाही. अकीक पोलादाला दाद देत नाही. हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक चाकाने अक्षर झिजवत झिजवत काढावं लागतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत संपूर्ण ‘आयतुल कुर्सी’ हवी म्हणून हटून बसणारे लोक असतात. ती कोरली जाते खरी, पण वाचता कुणालाच येत नाही. जाणता कारागीर एक-दोन शब्दांवर थांबायला सांगतो, आणि त्याचं ऐकावं.

अंगठीसारखंच दुसरं लिखाण गळ्यात किंवा दंडावर बांधलं जातं, ते म्हणजे तावीज. आश्रय मागणं या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द आला आणि मराठीत रुळता रुळता त्याचा ‘ताईत’ झाला. लाडक्या माणसाला ‘गळ्यातला ताईत’ म्हणताना आपण अरबी बोलतो आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण ताईतातलं लिखाण डबीत बंद असतं, अंगठीवरचं सगळ्यांसमोर. म्हणूनच ती घालणाऱ्याला दिवसभर थोडं भान ठेवावं लागतं. शौचाला जाताना अनेक जण ती काढून ठेवतात. वुजू, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुताना ती बोटात फिरवतात, खालची कातडी कोरडी राहू नये म्हणून.

आता खड्याच्या गुणांविषयी. अकीकाने रोजी वाढते, नजर लागत नाही, असं सांगणारे दुकानदार भरपूर आहेत. शिया परंपरेत यमनी अकीकाला मोठा मान आहे. अकीकाचं माहात्म्य सांगणाऱ्या हदीस मात्र अनेक सुन्नी हदीसतज्ज्ञांनी कमकुवत ठरवल्या आहेत. इथे हजरत उमर आठवतात. काबागृहातल्या काळ्या पाषाणाचं चुंबन घेताना त्यांनी त्या पाषाणालाच सुनावलं होतं की तू एक दगड आहेस, तुझ्याने ना नफा होतो ना नुकसान. प्रेषितांनी तुझं चुंबन घेतलं नसतं तर मीही घेतलं नसतं. तिथे ही भूमिका, तर बोटातल्या खड्याने धंद्याला बरकत यावी अशी अपेक्षा कशी धरायची? खडा आठवणीसाठी घालावा, इतपत ठीक. आणि बाजारात ‘यमनी’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक खडा यमनहून आलेला असतो असंही नाही.

भारतातला नामांकित अकीक गुजरातचा. दख्खनच्या लाव्हारसात वायूच्या बुडबुड्यांनी जी पोकळी राहिली तिच्यात गारेचे थर साचत जाऊन हे दगड तयार झाले. नांगरटीत वर येणाऱ्या आपल्या गारगोट्यांचे ते सख्खे भाऊबंद. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांत ते खणून काढतात. तिथल्याच टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी त्यांना आपले पूर्वज मानतात, आणि अकीकाचा धंदा त्यांनीच वाढवला अशी श्रद्धा आहे. भिल्लही या दर्ग्याला येतात. धंदा मात्र बाबांच्याही आधीचा. त्याच आखाताच्या काठी लोथल इथे सिंधू संस्कृतीच्या काळातला मणी घडवण्याचा कारखाना सापडला, आणि सिंधू संस्कृतीतले तांबडे मणी मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांतही मिळाले आहेत.

खाणीतून आलेला दगड पिवळट, मातकट असतो. तो महिनोन् महिने उन्हात वाळवतात, कारण ओल राहिली तर भट्टीत तडकतो. मग मातीच्या भांड्यांत भरून शेणीच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाचा रंग पालटतो आणि खडा लाल होतो. पुढचं काम खंभातला. कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईला दगड टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतो. टवका सळईच्या बाजूने उडतो. हजारो वर्षांची ही रीत पुरातत्त्वज्ञांनी खंभातला मुक्काम ठोकून अभ्यासली आहे. या कारागिरांत हिंदूही आहेत आणि मुसलमानही.

घडवलेला खडा नंतर घासायला जातो. पूर्वी हाताने चालणारी चाकं होती, आता विजेवर फिरतात, आणि धूळ कैक पटींनी उडते. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. ती बारीक धूळ श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसात घट्ट व्रण धरत जातात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि त्याच्यावर औषध नाही. त्यातच क्षय जडतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने खंभातच्या घासकामगारांची तपासणी केली, तेव्हा चाकाला कधी हात न लावलेल्या शेजाऱ्यांमध्येही हा रोग आढळला. काम घरात किंवा घराला लागून चालतं, मजुरी नगावर मिळते. हजेरीपटावर नाव नसल्यामुळे नुकसानभरपाई मागायची तर आपण कामगार आहोत हेच आधी सिद्ध करावं लागतं. ओल्या चाकावर घासलं तर धूळ कमी उडते, ती ओढून घेणारी यंत्रंही आहेत. पण त्यांना पैसा लागतो, आणि नगामागे चार पैसे मिळवणाऱ्याकडे तो नसतो.

रमजान हा हिशेबाचाही महिना. वर्षाची जकात बहुतेक घरांत याच दिवसांत काढतात. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम. तेवढी शिल्लक वर्षभर राहिली की अडीच टक्के द्यायचे. अंगातल्या दागिन्यांचं काय, यावर मतभेद आहे. देशावरचे बहुतांश मुसलमान हनफी, ते वापरातले दागिनेही मोजतात. कोकणातले शाफई, ते मोजत नाहीत. खड्याच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे. तो विक्रीसाठी नसेल, तर चांदी तोलताना त्याचं वजन वजा करतात.

अंगठी करायला टाकताना गिऱ्हाईक पुष्कळ विचारतं. खडा अस्सल आहे ना, चांदी काळी पडणार नाही ना, चाँदरातीच्या आत मिळेल ना? खडा कुठे घासला, ओल्या चाकावर की कोरड्या, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर दुकानदारालाही लगेच सांगता येणार नाही. त्याला मुंबईच्या व्यापाऱ्याला विचारावं लागेल, आणि व्यापाऱ्याला खंभातला फोन करावा लागेल. ईदला अजून आठ-दहा दिवस आहेत, एवढ्या फोनाफोनीला ते पुरतात.