पदवी बांधावर आली तेव्हा

शेतकरी बंधूंनो, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर १८९१ साली अमेरिकेतल्या आयोवाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला. आज तेच आयोवा राज्य विद्यापीठ. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. १८९४ ला पदवी घेतली, १८९६ ला पदव्युत्तर पदवी. तिथेच शिकवायचं काम होतं. ते सोडून तो दक्षिणेत टस्कीगीला गेला.

कापसावर कापूस घेऊन तिथल्या जमिनी खंगल्या होत्या. भुईमूग, चवळी लावा, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, असं तो सांगायचा. पण गरीब शेतकऱ्याला शाळेत यायला सवड कुठली? म्हणून १९०६ साली अवजारं, बियाणं गाडीत घालून शाळाच गावोगाव निघाली.

आयोवात असताना कार्व्हरनं एका लहानग्याला झाडं ओळखायला शिकवलं. तो हेन्री वॉलेस १९१० साली तिथलाच पदवीधर झाला. १९२६ ला त्यानं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, १९४१ ला देशाचा उपाध्यक्ष झाला.

आम्हा शिकलेल्यांचं माप त्या गाडीनंच घ्यावं. बांधावर आलो नाही, तर ग्रामसभेत जाब विचारा. आलो, तर एका तुकड्यात तरी पीक बदलून बघा.