बुटक्या सिक्लिडांविषयी काही गैरसमज

सिक्लिड कुळातील मासे जात्याच भांडकुदळ, ही आपल्याकडील हौशी मत्स्यपालकांत रूढ झालेली समजूत ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न यांसारख्या दांडग्या माशांच्या वर्तनावरून बनलेली आहे. परंतु ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ओढ्यांत, गळून पडलेल्या पानांच्या थरात वावरणारे, आठ-नऊ सेंटिमीटरांपलीकडे क्वचितच वाढणारे एपिस्टोग्रामा, अथवा व्हेनेझुएला-कोलंबियातील गवताळ मुलखातला चिमुकला रॅम, यांच्यावर तोच आरोप ठेवणे अन्यायाचे आहे. (हे कूळ सर्वस्वी परदेशी, हाही भ्रमच, गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा काळुंदर सिक्लिडच होय.)

या आरोपाला पुरावा म्हणून जे दाखविले जाते, ते बहुधा अपत्यसंगोपन असते. एरवी फिकट दिसणारी, एपिस्टोग्रामाच्या काकाटुऑइडीस या जातीची मादी एके दिवशी हळदीसारखी पिवळीजर्द होते, अंगावरील काळे पट्टे गडद होतात, आणि आपल्याहून जवळजवळ दुप्पट लांबीच्या नराला ती टाकीत आडोशाला ठेवलेल्या नारळाच्या करवंटीच्या तोंडापासून हुसकावून लावते. मादी पिसाळली असे समजून मालक तिलाच उचलून दुसरीकडे ठेवतो, आणि करवंटीच्या आत, छताला चिकटवलेली अंडी निराधार होतात. वस्तुतः अंड्यांवर परांनी पाणी खेळवणे, दोन-तीन दिवसांनी बाहेर आलेली अर्भके जपणे, आणि पुढे आठवडाभरात ती पोहू लागली की परांच्या नुसत्या हालचालीने त्यांना धोक्याची सूचना देऊन तळाशी बसविणे, हा सारा कारभार मुख्यतः तिचाच. नराकडे बाहेरच्या हद्दीचा बंदोबस्त असतो. नराला पळायला जागा नसेल तर तो जखमी होतो हे खरे, पण तो दोष टाकीचा. उंचीपेक्षा तळाचा विस्तार येथे महत्त्वाचा असून, एका जोडीस निदान साठ सेंटिमीटर लांबीची टाकी आणि एकमेकांच्या दृष्टीआड होण्यापुरती लाकडे व झाडे यांची तजवीज हवीच. काकाटुऑइडीसचा एक नर अनेक माद्यांशी संसार करतो, तेव्हा प्रत्येक मादीला आपापली करवंटी आणि तिच्याभोवतीचा मुलूख लागतो; रॅम मात्र जोडीने राहतो व जोडीदार स्वतः निवडतो, म्हणून दुकानदाराने बांधून दिलेल्या ‘जोडी’पेक्षा पाच-सहा लहान मासे एकत्र वाढविणे श्रेयस्कर.

आईबाप अंडी खातात, सबब अंडी काढूनच घ्यावीत, हा सल्लाही सरसकट मान्य करण्याजोगा नाही. नवख्या जोडीची पहिली काही वेते वाया जातात, शेजारी मासे फार असले की ती बिथरते, आणि बुरशी लागलेली पांढरी अंडी तर ती बाकीच्यांच्या रक्षणासाठीच काढून टाकते. वेगळ्या भांड्यात पिल्ले जगतात, नाही असे नाही. पण ज्या वात्सल्यासाठी हा मासा पाळावा, ते पाहण्याचा योग मग हुकतो.

पाणी तांबूस झाले म्हणजे घाण झाले, असेही नव्हे. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्याला चहाचा रंग देतात, किंचित आम्ल बनवितात, आणि त्यांवर वाढणारे सूक्ष्म जीव पिल्लांच्या मुखी लागतात. उलट नितळ पाण्यात अमोनिया व नायट्राइट ही विषे अदृश्यपणे साठलेली असू शकतात. मात्र पानांनी बोअरचे जड पाणी मृदू होते, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याकरिता आरओचे पाणीच मिसळावे लागते.

एका वेतातील सगळीच पिल्ले नर निघाली की दोष जोडीच्या वंशावर टाकला जातो. रोमर आणि बायझेनहर्झ या जर्मन संशोधकांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींत पिल्लांचे लिंग तापमानावर अवलंबून असल्याचे दिसले: 23 अंशांना माद्या अधिक, 29 अंशांना नर अधिक. तेव्हा जोडी बदलण्यापूर्वी हीटरचा आकडा पाहावा आणि तो 26 च्या आसपास ठेवावा. हा परिणाम पहिल्या काही आठवड्यांतच घडून जात असल्याने त्यानंतर तापमान बदलून काही साध्य होत नाही.