पेटीने पेललेली सिंफनी

दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप तेव्हा सर्वतोमुखी होता. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदीच घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. रागसंगीतापुरता हा आक्षेप मला पटतो. पण बंदीच्या सुमारे वीस वर्षे आधी व्हिएन्नात पेटीने अख्खी सिंफनी पेलली होती.

संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने १९१८ मध्ये तिथे खासगी मैफलींची संस्था काढली. महायुद्धानंतरची तंगी, मोठा वाद्यवृंद परवडेना. म्हणून मोठ्या रचना मोजक्या वादकांसाठी उतरवल्या गेल्या. एर्विन श्टाइनने १९२१ मध्ये उतरवलेली संगीतकार मालरची चौथी सिंफनी हे त्याचे सुंदर उदाहरण.

मूळ रचनेत चार फ्लूट, तीन ओबो, तीन क्लॅरिनेट, तीन बसून, चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, हार्प आणि तंतुवाद्यांचा मोठा ताफा. श्टाइनने फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट एकेक ठेवले. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. आणि पियानो, हार्मोनियम, तालवाद्ये. शेवटच्या भागातली गायिका अर्थातच कायम.

असे उतरवताना आधी मुख्य धून आणि खर्ज पक्के करायचे. या दोन कडा सुटल्या की रचना ओळखूच येत नाही. सुरुवातीच्या घुंगरांसारखी रंगाची खूणही हलवायची नाही. खरी कसोटी मधल्या भरण्याची. हॉर्न आणि बसून तिथे लांब सूर धरून असतात. पियानोचा सूर आघातानंतर लगेच विरू लागतो. हार्मोनियमचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, पण त्याला आघाताची धार नाही. दोघांनी एकच स्वरसमूह एकदम वाजवला की धार पियानोची आणि लांबी पेटीची, आणि कानाला फुंकवाद्यांचा जथा असल्याचा भास होतो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस ट्रम्पेट-हॉर्न उसळतात, तिथे मात्र ही जोडी तोकडी पडते. उलट शांत जागी एकेकटा व्हायोला, चेलो इतका स्वच्छ ऐकू येतो की मालरने आत काय विणले आहे ते उमगते.

आज दिल्लीत श्टाइनचे हे रूपांतर बसवायचे तर हातपेटी पुरणार नाही. एक हात भात्यावर अडकतो आणि भरगच्च स्वरसमूहांना दोन्ही हात लागतात. संगीत नाटकांतल्यासारखी पायपेटी हवी, नाहीतर दोन वादकांनी स्वर वाटून घ्यावेत. पेटीची पट्टी पियानोशी आधीच तपासावी. तालमीच्या वेळी ती बदलता येत नाही, त्यामुळे व्हायोलिनपासून ओबोपर्यंत सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे.