स्कूबा डायव्हिंग : पहिली खरेदी कशाची?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की नगर जिल्ह्यातल्या घराघरांत कोकणाचे बेत शिजू लागतात. भिंगार असो, श्रीरामपूर असो की संगमनेर, मालवणचा समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. म्हणूनच कदाचित त्याची ओढही जास्त. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, तारकर्लीच्या वाळूत मुले खेळली, मासे खाऊन झाले की सहल पुरी व्हायची. आता घरातली तरुण मुले सांगतात, ‘मालवणला जाऊन स्कूबा केला नाही तर गेलो कशाला?’ मग मोबाईलवर सामानाचा शोध सुरू होतो. कुणी साठवलेली ईदी काढतो, कुणी पहिल्या पगारातले पैसे बाजूला ठेवतो, आणि ‘पूर्ण संच, भरघोस सवलत’ अशी जाहिरात दिसली की बोट बटणाकडे जाते.

ते बटण दाबण्याआधी थोडे थांबावे. या छंदात चुकीच्या वस्तूवर पैसा सहज वाया जातो, आणि खरी गरजेची गोष्ट राहून गेली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

हे साधन काम कसे करते?

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यात आपण श्वासात घेतो तीच साधी हवा असते, फक्त गाळून आणि दाबून भरलेली. अकरा-बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने दोन हजार लिटरहून जास्त हवा मावते. इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येणार नाही. तो दाब उतरवून, आपण ज्या खोलीवर असू तिथल्या पाण्याच्या दाबाइतकी हवा श्वासागणिक देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ते तयार केले आणि माणूस वरून सोडलेल्या नळीशिवाय पाण्याखाली फिरू लागला.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. कान दुखतात ते यामुळेच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलली की दाब सारखा होतो आणि कान मोकळे होतात. वर येताना उलटे घडते, फुप्फुसातली हवा फुगत जाते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम आहे. कोणती वस्तू आपली असावी आणि कोणती भाड्याची चालेल, हे ठरवताना या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

बाजारात न मिळणारी वस्तू

आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकत. कमरेला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, आणि काठावर मामा किंवा चुलता दोर धरून उभा. विहिरी आटल्या, बुजल्या आणि ही शाळाही बंद पडली. आज शहरातल्या अनेक तरुणांना पोहता येत नाही, मुलींना तर क्वचितच.

मालवणला पहिल्या वेळच्या पर्यटकाला प्रशिक्षक हात धरून खाली नेतो. त्यासाठी पोहता येण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते. पण पाणी फक्त खालीच असते असे नाही. बोटीने जायचे असते, बोटीने परतायचे असते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून बोटीत पाय ठेवल्यापासून किनाऱ्यावर उतरेपर्यंत लाईफ जॅकेट अंगावर हवे, पट्टे आवळलेले हवे. मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मिळाले नाही तर त्या बोटीत बसायचे नाही. इथे भीड बाळगू नये.

ज्याला हा छंद पुढे न्यायचा आहे, त्याने पहिले पैसे पोहण्याच्या वर्गावर घालावेत. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात, जो पूर्ण केल्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येते, न थांबता २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगावे लागते. वयाची अट किमान दहा वर्षे. जिथे महिलांसाठी वेगळी वेळ आहे असा तलाव शोधून आई आणि मुलगी दोघींनी एकत्रच नाव घालावे. दोन महिन्यांत अंगात येणारे हे कौशल्य जन्मभर पुरते.

पहिली खरेदी : मास्क

पोहता येऊ लागले, एकदा भाड्याच्या सामानाने पाण्याखाली जाऊन आलात आणि पुन्हा जावेसे वाटले, तर मास्क विकत घ्यावा. कारण सरळ आहे. बाकी सामान सगळ्यांना थोड्याफार फरकाने चालते, चेहरा मात्र प्रत्येकाचा निराळा. भाड्याचा मास्क बसला नाही तर सगळा वेळ आत आलेले पाणी काढण्यात जातो आणि नवखा माणूस घाबरतो तो नेमका इथेच.

पोहण्याचा साधा गॉगल इथे उपयोगाचा नाही. त्यात नाक बाहेर राहते, त्यामुळे खोलीवर वाढलेला दाब डोळ्यांवर येतो. मास्कमध्ये नाक आत असते, नाकातून थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. पूर्ण चेहरा झाकणारे जे मास्क इंटरनेटवर दिसतात, ते फक्त पाण्यावर तरंगत खाली पाहण्यासाठी असतात. ते घालून खोल जायचे नाही.

दुकानात मास्क असा तपासावा. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास धरून असेपर्यंत मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. घसरला किंवा कुठून हवा शिरली तर दुसरा पाहा, किंमत आणि रंग नंतर. कडा मऊ सिलिकॉनची हवी, काच टेम्पर्ड हवी, आणि नाक बाहेरून चिमटीत धरता आले पाहिजे. ही परीक्षा मोबाईलच्या पडद्यावर होत नाही. पुण्या-मुंबईला जाणे होईल तेव्हा डायव्हिंगचे सामान ठेवणाऱ्या दुकानात जाऊन, चार-पाच मास्क लावून पाहूनच घ्यावा.

आपल्या घरांत तीन प्रश्न हमखास निघतात. पहिला दाढीचा. मास्कची खालची कड वरच्या ओठावर, नाकाच्या खाली बसते. त्यामुळे दाढीची अडचण सहसा होत नाही, अडचण होते ती मिशीची. दाट मिशीतून पाणी आत झिरपते. मिशी बारीक कातरून दाढी ठेवणाऱ्यांचे काम इथे आपोआप सोपे होते. दुसरा प्रश्न डोके झाकण्याचा. हिजाब किंवा डायव्हिंगची टोपी घालता येते, पण कापडाची कड वा केसांची बट मास्कच्या सिलिकॉनखाली अडकता कामा नये. आधी मास्क त्वचेवर नीट बसवायचा आणि टोपीची कड त्याच्या बाहेरून घ्यायची. सुटा, टाचण्या लावलेला रुमाल पाण्यात नको. डोक्याला घट्ट बसणारा, शिवलेलाच हवा. तिसरा चष्म्याचा. चष्म्याच्या काड्यांमुळे मास्क बसत नाही. जवळचे दिसते पण लांबचे दिसत नाही अशांसाठी नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात. नंबर किरकोळ असेल तर घाई करू नये, कारण पाण्याखाली वस्तू तशाही सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती सारखी धुरकटते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने काचेला आतून चोळून दोन-तीनदा धुवावी.

स्नॉर्केल, फिन आणि कपडे

स्नॉर्केल साधा, वाकडी नळी असलेला घ्यावा. जास्त झडपा, जास्त बिघाड. फिन, म्हणजे पायात घालायचे पंख, बुटासारखे मापून घ्यावेत. घट्ट झाले तर पोटरीत गोळे येतात, सैल झाले तर टाच सोलते. हे दोन्ही नगरच्या तलावातही सरावाला उपयोगी पडतात, त्यामुळे ही खरेदी वाया जात नाही.

कोकणचे पाणी उबदार असले तरी पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. शिवाय खडकावरच्या कालवांच्या धारदार कडा आणि जेलीफिश असतातच. म्हणून पुरुष असो वा स्त्री, मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा सूट घालणे चांगले. अंग झाकावे लागते म्हणून हा छंद आपल्या बायकांचा नाही, हा विचार त्यामुळे टिकत नाही. वेटसूट अंगाला घट्ट बसतो, ते नको वाटत असेल तर त्यावर गुडघ्यापर्यंतचा, पोहण्याच्या कापडाचा अंगरखा चालतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झानेटी यांनी अशा पूर्ण पोशाखाला ‘बुर्किनी’ हे नाव दिले. आता तसे पोशाख भारतातही मिळतात. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. कापड सुती नको, ते भिजून जड होते. आणि वजनाचा पट्टा सगळ्या कपड्यांच्या वर, हाताला लगेच सापडेल असा हवा. संकटात तो एका झटक्यात सोडावा लागतो. महिला प्रशिक्षक हवी असेल तर पैसे भरण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे.

काय विकत घेऊ नये

रेग्युलेटर, हवा भरून तरंगणे सांभाळणारे बीसीडी जॅकेट, सिलिंडर आणि डायव्हिंगचा कॉम्प्युटर या वस्तू पहिल्या वर्षी घेऊच नयेत. मास्क काही हजारांत येतो, हा संच लाखाच्या घरात जातो. वर्षातून दोनदा समुद्र पाहणाऱ्याला तो इस्राफच. त्याहून मोठे कारण म्हणजे देखभाल. रेग्युलेटर साधारण दरवर्षी जाणकाराकडून उघडून तपासावा लागतो, सिलिंडरची ठराविक मुदतीने दाबचाचणी लागते. कपाटात तीन वर्षे पडून राहिलेल्या रेग्युलेटरपेक्षा रोज वापरातला, नीट सांभाळलेला भाड्याचा रेग्युलेटर केव्हाही चांगला. कुणी ओळखीचा ‘जुना संच स्वस्तात देतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावे.

भाड्याचे सामान घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. दाब दाखवणारा काटा २०० बारच्या आसपास आहे का? रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घेताना काटा थरथरत नाही ना? हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत नाही ना? तोंडात धरायचा रबरी भाग फाटलेला नाही ना? बीसीडीत भरलेली हवा टिकते का? हे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नये. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. शिकूनच पुढे जायचे असेल तर चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.

दमा, हृदयविकार, फिट येणे किंवा कानाची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचे नाही. गर्भारपणात तर उतरायचेच नाही. सर्दी असेल त्या दिवशीही नाही. कान मोकळे होत नाहीत. रोजा असताना शरीरात पाणी कमी असते, म्हणून तारीख ईदनंतरची घ्यावी.

घाट चढण्याची घाई नको

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट किनाऱ्यावर सहसा कुणी सांगत नाही. पाण्याच्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी माणूस उंचावर गेला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एक डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे, आणि तो सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला धरून आहे. आंबोली सुमारे सातशे मीटरवर, आपले नगर शहर सुमारे ६५० मीटरवर. म्हणजे विमान नसले तरी घाट आहेच. पाच-सात मीटरवरच्या थोड्या वेळाच्या डाइव्हमध्ये धोका अगदी कमी असतो, तरी नियम पाळण्यात नुकसान काहीच नाही. सकाळी डाइव्ह करावी, ती रात्र मालवणातच काढावी आणि दुसऱ्या दिवशी फजर पढून घराकडे निघावे.

घरी आल्यावर

मास्क, स्नॉर्केल, फिन आणि सूट गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर काचेवर पांढरे डाग धरतात. वाळवायचे सावलीत, गच्चीवरचे नगरचे ऊन सिलिकॉन आणि रबर दोन्ही लवकर मारते. मास्क कडक डब्यात ठेवावा, वर जड वस्तू आली तर कड वाकते आणि मग तो चेहऱ्याला बसत नाही.

खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी पोहणे, मग एक डाइव्ह भाड्याच्या सामानाने, मग मास्क, नंतर स्नॉर्केल आणि फिन, त्यानंतर अंगाचा सूट. बाकीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि दहा-वीस वेळा पाण्याखाली जाऊन आल्यावर पाहू. कोकणात पावसाळ्यात हा खेळ बंदच असतो. पोहणे शिकायला तेवढा वेळ पुरेसा आहे.