चिलटाच्या मेंदूचा नकाशा
भोरच्या बाजारात पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं आपण हाताने हाकलतो. त्याच जातकुळीतल्या फळमाशीच्या, खसखशीच्या दाण्याहूनही लहान मेंदूचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे १,३९,००० चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक जोडण्या! मेंदूचे सुमारे ७,००० अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपले. संगणकाने एकेका पेशीचा धागा कापाकापांतून जुळवला, माणसांनी तो तपासला. पण रस्ते कळले म्हणून रहदारी कळत नाही. त्यासाठी जेलीफिशच्या चमकत्या प्रथिनापासून घडवलेला सूचक वापरतात. संदेश आला, कॅल्शियम वाढलं, की पेशी उजळते. जोडणीच्या जागी दोन पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटर. तिथल्या घडामोडी पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत सुहिता नाडकर्णी संगणकी प्रतिकृतींतून अभ्यासतात.